मतदारयादीची शेवटची तारीख आणि आपली वस्ती

(अमरावती येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय 'मतदानाचा हक्क' असा छापला आहे. हक्कावर बोलणारे वक्ते आपल्याकडे भरपूर आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्ही आज फक्त तारखेवर बोलणार आहोत. नाव नोंदविण्याची शेवटची तारीख. ही तारीख कोण ठरवते, ती आपल्याला केव्हा कळते आणि कळते तेव्हा आपण कोठे असतो, एवढाच आमचा विषय.

२०२४ सालची विधानसभेची निवडणूक आठवा. त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता. आपली निम्मी वस्ती दीक्षाभूमीवर गेली होती. कोणी रेल्वेने, कोणी ट्रकने, कोणी एस. टी. ने. १३ तारखेला, १४ तारखेला लोक परतले, अंगातला शीण अजून गेला नव्हता, आणि १५ ऑक्टोबरला दुपारी निवडणूक जाहीर झाली. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. त्याच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले नावनोंदणीचे अर्ज विचारात घेतले जाणार होते. म्हणजे १९ ऑक्टोबर. १५ ला जाहीर आणि १९ ला बंद. मधले दिवस चार.

आता ऑक्टोबरचा तिसरा आठवडा वऱ्हाडात कशाचा असतो, हे मुंबईत-दिल्लीत बसून तारखा काढणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. सोयाबीन सोंगणीचा असतो. पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून बायामाणसे पहाटे डबा बांधून जातात ती दिवे लागल्यावर घरी येतात. आम्ही १६ तारखेला विहारात टेबल मांडले. दिवसभरात आले ते सेवानिवृत्त कर्मचारी, ज्यांची नावे यादीत पूर्वीपासूनच होती. मजूर बाई रात्री आठ वाजता दारात भेटली तर म्हणाली, "दादा, वावरात सोयाबीन पडून हाये, तुमचा फारम उद्या भरतो." तो उद्या कोठला उजाडायला! १९ तारखेला संध्याकाळी आमच्यातले दोघे अर्जांचा गठ्ठा घेऊन एका कार्यालयात पोहोचले तेव्हा तेथील खिडकी बंद झाली होती. मोबाईलवरून अर्ज भरता येतो, हे खरे आहे. ज्या पोरांना जमले त्यांनी रात्री बसून काही भरलेही. पण सोंगणी करून आलेल्या बाईच्या घरातला मोबाईल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि नवरा पुण्याला बांधकामावर असतो.

मग २० नोव्हेंबरला मतदान झाले. आम्ही केंद्राबाहेर ठरल्या अंतरावर याद्या घेऊन बसलो होतो. एक माउली आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले ओळखपत्र. आत जाऊन परत आली आणि आमच्यापुढे उभी राहिली. "माह्यं कार्ड हाये ना बाप्पा, मंग नाव काहून नाई? मांगल्या खेपेले मी याच शाळेत मत टाकलं." तिला काय सांगावे? कार्ड म्हणजे ओळख, मताचा अधिकार यादीतल्या नावाने येतो, हे कायद्याचे उत्तर आम्हाला माहीत होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मध्ये ते स्पष्ट आहे. ज्याचे नाव त्या वेळी यादीत नाही, त्याला मत देता येत नाही. पण हे उत्तर आम्ही तिला सकाळी दहा वाजता देत होतो. ते सहा महिने आधी द्यायला हवे होते. ती काही न बोलता कामावर निघून गेली. त्या दिवसाची मजुरी तिने अर्धी बुडवली होती.

हे कोणी जाणूनबुजून केले, असा आरोप आम्ही करणार नाही. पुरावा हातात नसताना तसे बोलणे सोपे असते आणि त्याने आपलीच बाजू हलकी होते. ती बाई दोन वर्षांपूर्वी नाल्याकाठची झोपडी सोडून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली होती. कोणीतरी पाहणीला गेले असेल, कुलूप दिसले असेल, 'स्थलांतरित' असा शेरा पडला असेल. कायदा असे म्हणतो की नाव कमी करण्यापूर्वी त्या माणसाला नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात हेच बजावले आहे. पण नोटीस जाते कोठे? जुन्या पत्त्यावर, जेथे ती राहत नाही म्हणून तर नोटीस काढली.

मित्रहो, मुदत असूच नये असे आमचे म्हणणे नाही. अर्ज आल्यावर तो सात दिवस लोकांच्या हरकतीसाठी खुला ठेवावा लागतो, कोणी तरी घरी जाऊन खात्री करावी लागते. ही चाळणी नसेल तर आदल्या रात्री ट्रक भरून नावे घुसतील, आणि त्याचा फटका बसेल तो आपल्यासारख्या दुबळ्यांनाच. १९५० च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता येत नाही असे म्हटले आहे, ते उगाच नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ही तारीख सर्वांना सारखी आहे, पण सर्वांना सारखी लागत नाही. ज्याचे स्वतःचे घर आहे, ज्याची नोकरी कायम आहे, त्याचे नाव एकदा चढले की वीस वर्षे हलत नाही. त्याच्यासाठी शेवटची तारीख नावाची गोष्टच नाही. ती तारीख लागते भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, वीटभट्टीवर जाणाऱ्याला, मेळघाटातून कामासाठी खाली उतरणाऱ्या कोरकू कुटुंबाला, नुकतीच लग्न होऊन आलेल्या मुलीला आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या पोराला. जो जितका अस्थिर, त्याच्यावर तितकी घाई.

लग्न होऊन आलेल्या मुलीवरून एक जुनी गोष्ट सांगतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या झाल्या तेव्हा सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची नोंद झाली. पण सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते. हे प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत घडले. पण आज आपल्या वस्तीत फिरा. मूर्तिजापूरची मुलगी अमरावतीला नांदायला येते, तिचे नाव तिकडे बापाच्या घरी राहते. इकडे सासरी कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी निवडणूक येते तेव्हा तिकडे भाऊ म्हणतो ती गेली, इकडे सासरा म्हणतो तिचे नाव तिकडे आहे. नमुना ८ भरला की नाव बदलून इकडे येते. एक कागद. तो भरायला सासरच्यांपैकी कोणाला सुचत नाही, कारण तिच्या मताची कोणाला वाट पाहायची नसते.

आता बाबासाहेबांकडे येतो. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळात मत कोणाला होते? शेतसारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. आपल्या बापजाद्यांकडे यातले काहीच नव्हते. संविधानाच्या कलम ३२६ ने ती भिंत पाडली. हे सर्व आपण दर १४ एप्रिलला ऐकतो. पण एक गोष्ट क्वचित ऐकतो. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत निवडणूक आयोगाच्या कलमावर चर्चा झाली. आज ते ३२४ आहे, तेव्हा मसुद्यात ते २८९ होते. आधीच्या मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतांचे वेगळे आयोग होते. बाबासाहेबांनी ते बदलून साऱ्या देशासाठी एकच आयोग सुचविला आणि त्याचे कारण सभागृहाला सांगितले. काही प्रांतांत जे लोक वंशाने, संस्कृतीने वा भाषेने आपले नाहीत अशांची नावे यादीतच येऊ नयेत असा कारभार चालल्याचे कानावर आले आहे, आणि स्थानिक सरकारच्या आकसाने किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीने कोणाचेही नाव राहता कामा नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मताधिकार संविधानात लिहून झाला तरी तो यादीत अडवला जाऊ शकतो, हे त्यांनी पहिल्या निवडणुकीच्याही आधी ओळखले होते. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि यादी वाचत नाही. हा दोष सरकारचा नाही.

२०२४ च्या लोकसभेबद्दल थोडे. अमरावती, अकोला, बुलढाणा येथे २६ एप्रिलला मतदान होते. घोषणा १६ मार्चची, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख ४ एप्रिल. दहा दिवस मागे मोजा, २५ मार्च येते. त्या दिवशी धुळवड होती. पंचाऐंशी वर्षांवरील वृद्धांना व अपंगांना घरून मतदानाची सोय त्या निवडणुकीत होती, पण त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत भरून द्यायचा होता. अधिसूचना २८ मार्चची. ज्या आजीबाईंना ही सोय हवी त्यांच्यापर्यंत ती बातमी पोहोचायलाच आमच्या वस्तीत आठ दिवस लागले. मग त्यांना खुर्चीत बसवून, डोक्यावर ओला रुमाल टाकून आम्ही नेले. एप्रिल अखेरचे वऱ्हाडातले ऊन काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

त्याच दिवशी अकोला पश्चिम विधानसभेची पोटनिवडणूक व्हायची होती. ती झाली नाही. विधानसभेची मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असताना पोटनिवडणूक घेणे कायद्याने बंधनकारक नाही. नागरिक न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २६ मार्च २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली. विषय थोडा बाजूचा आहे, पण आम्हाला त्यातली एक गोष्ट आवडली. दिनदर्शिका फक्त मजुरालाच दाखवायची नसते.

शेवटच्या घटकेला काय हक्क असतात तेही सांगून ठेवतो, कारण आपली माणसे केंद्रावरून उगाच परत येतात. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतो. ती चिठ्ठी हातात असली की मग रात्रीचे आठ वाजोत. कामावरून धावत आलेल्या माणसाने पावणेसहाला पोहोचून 'आता काय उपयोग' म्हणून परत फिरू नये. ओळखपत्र हरवले असले तरी नाव यादीत असेल तर आधार, जॉबकार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक चालते. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर भांडण न करता प्रदत्त मत मागा. ते मतपत्रिकेवर, वेगळ्या पाकिटात घेतले जाते. आणि केंद्रावरच्या गैरहजर-स्थलांतरित-मृत अशा यादीत तुमचे नाव असले म्हणून मत नाकारले जात नाही. ओळख पटविण्याची काटेकोर तपासणी होते एवढेच. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देणे मालकावर बंधनकारक आहे आणि ती रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. हे कायद्यात १९९६ पासून आहे. आमच्या वस्तीत ही सुटी मिळालेला मजूर आम्हाला अजून भेटायचा आहे.

सर्वांत मोठा अन्याय मात्र आम्हाला महानगरपालिकेच्या निवडणुकीत दिसला. अमरावती व अकोला महापालिकांची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली होती. २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. जो मुलगा २०१७ ला सतरा वर्षांचा होता त्याला आपला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी सव्वीसाव्या वर्षी मिळाली. नाली, नळ, दिवाबत्ती, घरकुल, सारे ज्याच्या सहीवर चालते त्या सभागृहात आपला माणूस नऊ वर्षे पाठवता आला नाही. बरे, इतक्या वर्षांनी आलेल्या निवडणुकीला यादी कोणती? १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी. मतदानाच्या साडेसहा महिने आधीची. त्यानंतर कोणी नाव नोंदवले, कोणी अठरा पूर्ण केले, कोणी अकोट फैलातून दुसरीकडे राहायला गेले, त्यातले काहीही धरले जाणार नव्हते. नोव्हेंबरात प्रारूप याद्या लागल्या तेव्हा फ्रेझरपुऱ्यातली पोरे उत्साहाने हरकती द्यायला गेली. त्यांना सांगण्यात आले की प्रभाग चुकला असेल तर सांगा, लेखनिकाची चूक असेल तर सांगा, नवे नाव येथे घेता येत नाही. नियम तसाच आहे. विधानसभेची यादी प्रभागवार फोडायला वेळ लागतो, हेही आम्हाला मान्य आहे. पण साडेसहा महिने? आणि १ जुलै ही तारीख निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी निघून गेली होती. निघून गेलेल्या तारखेसाठी धावपळ कशी करायची?

बाहेरच्या देशात याचा विचार झाला आहे. ऑस्ट्रेलियात २००६ साली कायदा बदलून असे केले की निवडणुकीचा हुकूम निघेल त्याच दिवशी रात्री आठला नवी नावनोंदणी बंद. पूर्वी सात दिवस मिळत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये, मतदानाला दोनच आठवडे असताना, हा बदल घटनाबाह्य ठरविला. कॅनडात तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदवून मत देता येते. आपला देश केवढा, मतदार किती, कर्मचारी किती याचा विचार करता ते आपल्याकडे उद्याच होईल असे आम्हाला वाटत नाही. पण घोषणा झाल्यापासून नावनोंदणीला किमान पंधरा दिवस मिळावेत, आणि स्थानिक निवडणुकीची यादी अधिसूचनेच्या जवळच्या तारखेची असावी, एवढी मागणी अवाजवी नाही. या दोन मागण्यांचे निवेदन बाहेर टेबलावर ठेवले आहे. वाचून, पटले तरच सही करा.

शिकलेल्या मंडळींनाही दोन शब्द. अमरावती विभागात पाच जिल्ह्यांचा मिळून विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आहे. मागची निवडणूक ३० जानेवारी २०२३ ला झाली. या मतदारसंघाची यादी दर वेळी कोऱ्या कागदावर नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी राहत नाही. त्या वेळी १ नोव्हेंबर २०२२ पूर्वी पदवीला तीन वर्षे झालेली असणे आवश्यक होते आणि नमुना १८ देण्याची मुदत ७ नोव्हेंबर होती. त्यानंतरही हरकतींच्या काळात नाव देता येत होते, पण ते किती जणांना माहीत होते? दसरा ५ ऑक्टोबरला, दिवाळी त्याच महिन्यात. आपले पदवीधर त्या काळात बसस्टँडवर आणि बाजारात होते. निवडणुकीनंतर आम्ही एका बैठकीत विचारले, किती जणांनी मत दिले? शिक्षक, बँकेतले, वीज मंडळातले, वकील, सारे बसले होते. वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके होते. झोपडीतल्या बाईला सोयाबीनचे कारण होते. आपल्याला कोणते होते? पुढची निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला अपेक्षित आहे, म्हणजे २०२८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर लक्षात ठेवायचा.

काही सोयी अशा आहेत की ज्या कोणी आपल्याला सांगत नाही. २०२२ पासून वर्षातून चार तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्याची नोंद होते. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज देता येतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो, महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर. ज्याला घरच नाही, जो बडनेरा स्टेशनबाहेर झोपतो, त्याचेही नाव नोंदवता येते. तो खरोखर तेथे झोपतो का, हे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे, त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नाही, असा आयोगाचाच आदेश आहे. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताईच हे काम करतात. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्याबरोबर रात्री फिरायला आपल्यातला एक माणूस द्या.

यंदा संस्थेने ठरविले आहे की दर तीन महिन्यांनी, या चार तारखांच्या आधीच्या रविवारी, रात्री सात ते दहा विहारात टेबल मांडायचे. दिवसा नाही, रात्री. यादीचे भाग भिंतीवर लावलेले असतील. महिला मंडळाने गल्लीवार वह्या केल्या आहेत, त्यात नवी सून, नवे भाडेकरू, बाहेरगावी गेलेले, वारलेले, यांची नोंद असेल. वारलेल्यांची नावे आपणच कळवायची, म्हणजे आपल्या जिवंत माणसाच्या अर्जावर कोणी बोट ठेवणार नाही. प्रत्येक अर्जाची पावती घेऊन वहीला टाचायची. नालीकाठच्या ज्या माउलीची गोष्ट सांगितली, तिचा नमुना ६ आम्ही मागेच भरला. तिचे नाव आले आहे, फक्त आडनावाचा एक काना चुकला आहे. त्याचा नमुना ८ आज तिच्याकडून भरून घ्यायचा आहे. ती मागे, चहाच्या भांड्यांपाशी बसली आहे. कार्यक्रम संपताच तिला टेबलाकडे पाठवा.

जयभीम.